रिकामा ठेवलेला दिवस

हिवाळ्यात दररोज संध्याकाळी पाच वाजता दावोस येथील हिम व हिमस्खलन संशोधन संस्था स्वित्झर्लंडच्या डोंगरांसाठी पुढच्या दिवसाचा हिमस्खलनाचा अंदाज प्रसिद्ध करते आणि सकाळी आठ वाजता तो ताजा करून पुन्हा देते. टिरोल, दक्षिण टिरोल आणि ट्रेंटिनो हे ऑस्ट्रिया-इटली सीमेच्या दोन्ही बाजूंचे प्रांत 2018 च्या डिसेंबरपासून असेच एक संयुक्त पत्रक काढत आले आहेत. ही माहिती फुकट मिळते, नकाशावर रंगांनी दाखवलेली असते आणि इंग्रजीतही वाचता येते. म्युनिकला आमच्याकडे हिवाळ्यात पुण्या-मुंबईहून जे नातेवाईक आणि मित्र येतात, ते स्कीइंगच्या सुट्टीचा बेत आखताना हॉटेल, लिफ्टचा पास, जाकीट, शाकाहारी जेवण या सगळ्याची बारकाईने चौकशी करतात. या पत्रकाचा विषय मात्र बहुधा मलाच काढावा लागतो.

तो मी दर वेळी काढतो, कारण आल्प्समध्ये आपण सुखरूप राहणार की नाही याचा बराचसा निकाल घरी बसून बेत आखतानाच लागलेला असतो, असे माझे मत होत गेले आहे. मोजक्या दिवसांची सुट्टी, आगाऊ भरलेले पैसे, व्हिसाची दगदग, लांबचा विमानप्रवास आणि मुलांना दिलेला शब्द, हे सगळे ओझे घेऊन माणूस डोंगराच्या पायथ्याशी पोहोचला, की "आज वर जायचे नाही" हे चार शब्द त्याच्या तोंडून निघत नाहीत. मला बर्फापेक्षा या अवस्थेची अधिक भीती वाटते. म्हणून बेत आखतानाच त्यात नकाराला जागा ठेवली पाहिजे, आणि ती जागा दिवसांत, पैशांत, गावाच्या निवडीत, सगळीकडे असली पाहिजे.

महाराष्ट्रातून येणाऱ्यांची पहिली अडचण शाळांच्या सुट्ट्यांची असते. उन्हाळ्याची सुट्टी एप्रिलच्या मध्यानंतर लागते, तेव्हा इथला हंगाम आवरत आलेला असतो. दिवाळीच्या सुट्टीत ऑस्ट्रियातल्या हिंटरटुक्स किंवा श्टुबाई यांसारख्या हिमनद्यांवरच काय ते स्कीइंग चालते, आणि तिथला उंचीवरचा, थंड, कडक बर्फ नवशिक्यांसाठी नव्हे. उरतो नाताळ. नाताळात सगळा युरोप सुट्टीवर असतो, दर सर्वांत चढे असतात, उतारांवर गर्दी असते आणि कमी उंचीच्या गावांत बर्फाची खात्री अलीकडे राहिलेली नाही. 2022 च्या अखेरीस उबदार हवेमुळे आल्प्समधल्या कित्येक सखल भागांतल्या, स्की करणाऱ्यांना डोंगरावर नेणाऱ्या लिफ्ट ऐन सुट्टीत बंद ठेवाव्या लागल्या आणि हिरव्या-तपकिरी डोंगरावर कृत्रिम बर्फाचा एकच अरुंद पट्टा, अशी छायाचित्रे सगळीकडे झळकली. असा पट्टा दिसायला केविलवाणा असतोच. शिवाय तो धोक्याचाही असतो, कारण सगळी गर्दी त्यावर लोटते, कृत्रिम बर्फ टणक असतो आणि कडेला पडणाऱ्याला मऊ बर्फाऐवजी दगड-माती मिळते. तेव्हा नाताळातच यायचे असेल तर ज्या गावातून 2,000 मीटरच्या वरच्या उतारांवर जाता येते असे गाव निवडावे. ज्यांना शाळांचे बंधन नाही त्यांनी 6 जानेवारीचा सण उलटल्यानंतरचे दोन-तीन आठवडे पाहावेत. थंडी कडाक्याची असते, पण उतार मोकळे असतात. फेब्रुवारीत फ्रान्स, जर्मनी, नेदरलँड्स आणि ब्रिटनमधल्या शाळांच्या सुट्ट्या एकापाठोपाठ एक येतात आणि गर्दी पुन्हा वाढते. मार्चमध्ये दिवस मोठा आणि ऊन सुखद असते, मात्र दुपारनंतर बर्फ ओला आणि जड होऊन गुडघ्यांची परीक्षा पाहतो.

विम्याची गोष्ट मी थोडी सक्तीनेच बोलतो. शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतो आणि तो काढला की आपण निश्चिंत होतो. प्रत्यक्षात पुष्कळ प्रवासविम्यांच्या बारीक अक्षरांत हिवाळी खेळ वगळलेले असतात किंवा वेगळा हप्ता भरल्यावरच त्यांचा समावेश होतो. ऑस्ट्रियात खेळताना जखमी झालेल्या माणसाला हेलिकॉप्टरने उतरवले तर त्याचे हजारो युरोंचे बिल त्याच्याच नावावर येऊ शकते. इटलीत 1 जानेवारी 2022 पासून उतारावर येणाऱ्या प्रत्येकाकडे दुसऱ्याला झालेल्या इजेची भरपाई देणारा विमा असणे बंधनकारक आहे, आणि नोव्हेंबर 2025 पासून तिथे सर्व वयाच्या लोकांना हेल्मेटही सक्तीचे झाले आहे. पॉलिसीत स्कीइंग हा शब्द आहे का, डोंगरावरून सोडवून आणण्याचा खर्च आहे का आणि आखलेल्या उताराबाहेर गेल्यास काय, हे तीन प्रश्न निघण्याआधी लेखी विचारून घ्यावेत.

कपड्यांविषयी आपल्याकडचे लोक नको तितकी काळजी करतात. भाड्याने सगळे मिळते. एवढेच सांगतो की थंडीच्या धास्तीने दोन-दोन जाड मोजे घालू नयेत. बुटात पाय आवळला जाऊन रक्ताभिसरण मंदावते आणि बोटे अधिकच गारठतात. लोकरीचा एकच पातळ, लांब मोजा पुरतो. गॉगल आणि सनस्क्रीन मात्र ढगाळ दिवशीही विसरू नये, कारण ताजा बर्फ बहुतांश अतिनील किरणे परत फेकतो आणि संध्याकाळी डोळ्यांची आग सुरू झाल्यावर उपाय फारसा उरत नाही.

भाड्याच्या दुकानात जे घडते त्याकडे मात्र बारकाईने पाहण्यासारखे आहे. काउंटरमागचा माणूस तुमचे वजन, उंची, वय आणि तुम्ही कसे स्की करता हे विचारतो, बुटाच्या तळव्याची लांबी मिलिमीटरमध्ये पाहतो आणि मग स्कीवरच्या बाइंडिंगचा, म्हणजे बूट धरून ठेवणाऱ्या पकडीचा, स्क्रू छोट्या खिडकीत हवा तो आकडा येईपर्यंत फिरवत जातो. पडताना कितव्या जोराला बूट स्कीपासून सुटावा, हे तो आकडा ठरवतो. आकडा फार वर असला तर पडल्यावर स्की सुटत नाही, ती लांब पट्टी पायासकट पिरगळते आणि सगळा जोर गुडघ्यावर येतो. फार खाली असला तर चालत्या वळणावर स्की अचानक निखळते. स्कीइंगच्या दुखापतींपैकी जवळजवळ एक तृतीयांश गुडघ्याच्या असतात. म्हणून या काउंटरवर संकोचाने वजन कमी सांगणे किंवा हौसेने आपले कौशल्य वाढवून सांगणे अगदी टाळावे. सोबत ओळखीची मंडळी उभी असताना हे जड जाते, हे मी जाणतो. तरीही खरे तेच सांगावे.

पहिले तीन दिवस शिकवणीचे धरावेत. माझ्या मते यात काटकसर करू नये. ऑस्ट्रियातल्या सांक्ट अँटनमध्ये स्की शिक्षक हान्नेस श्नायडर यांनी 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला शाळा काढली, तेव्हापासून नवशिक्याला क्रमाक्रमाने शिकवण्याची पद्धत आल्प्समध्ये रुजली आहे. लहान मुलांना आधी सपाटीजवळच्या सरकत्या पट्ट्यावर नेतात, स्कीची टोके जुळवून पिझ्झ्याचा तुकडा करायला लावतात, आणि थांबता येऊ लागल्याशिवाय लिफ्टवर बसवत नाहीत. मोठ्यांनाही हाच क्रम लागू आहे. सह्याद्रीत कोकणकडा, ढाक-बहिरी पालथे घातलेली तरणी मंडळी इथे येतात तेव्हा त्यांचा दम चांगला असतो आणि उंचीची भीती गेलेली असते; पण त्या दोन्ही गुणांमुळे ती स्वतःला लाल, म्हणजे मध्यम कठीण, उतारासाठी तयार समजू लागतात. ट्रेकमध्ये थकलो तर थांबता येते, तर इथे थांबणे हीच शिकण्याची गोष्ट आहे.

उतारांचे रंगही देशागणिक थोडे बदलतात. फ्रान्समध्ये सर्वांत सोप्या उताराला हिरवा रंग असतो. ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमध्ये सोप्याची सुरुवात सहसा निळ्यापासून होते. त्यापुढे लाल, मग काळा. हा रंग उताराची तीव्रता सांगतो, त्या दिवशीची अवस्था सांगत नाही. सकाळी गोठून काचेसारखी झालेली निळी पिस्त (पिस्त म्हणजे स्कीइंगसाठी आखलेला उतार) दुपारच्या मऊ लाल पिस्तपेक्षा कठीण असू शकते.

उतारावर कसे वागायचे याचे दहा नियम आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने 1967 मध्ये केले. ते लिफ्टच्या पायथ्याशी फलकावर लिहिलेले असतात आणि अपघातानंतर न्यायालये त्यांचाच आधार घेतात. त्यांतला गाभ्याचा नियम असा, की पुढे, म्हणजे खाली, असलेल्या माणसाचा मार्ग आधी. मागून येणाऱ्याने आपला वेग आणि वाट अशी ठेवायची की पुढच्याला धक्का लागणार नाही, मग तो पुढचा कितीही वेडावाकडा का जात असेना. दुसरा महत्त्वाचा नियम, पिस्तवर शिरताना, थांबून पुन्हा निघताना किंवा वरच्या दिशेने जाताना वर आणि खाली दोन्हीकडे पाहण्याचा. 1 जानेवारी 2009 रोजी ऑस्ट्रियात जर्मनीच्या थुरिंगिया राज्याचे तत्कालीन मुख्यमंत्री डीटर आल्टहाउस यांची दोन उतार एकत्र येतात त्या ठिकाणी एका महिलेशी टक्कर झाली. त्यांच्या डोक्यावर हेल्मेट होते, तिच्या डोक्यावर नव्हते. ती मरण पावली आणि त्यांना न्यायालयाने निष्काळजीपणाबद्दल दोषी ठरवले. त्या हिवाळ्यानंतर जर्मन भाषिक देशांत हेल्मेटची सवय झपाट्याने वाढली. मी ही घटना पाहुण्यांना सांगतो ती हेल्मेटइतकीच त्या संगमाच्या जागेसाठी. दोन पिस्त जिथे मिळतात तिथे वेग कमी करावा, आणि उभे राहायचे असेल तर कडेला, वरून येणाऱ्याला दिसेल अशा जागी उभे राहावे.

आता उताराबाहेरच्या बर्फाविषयी. 29 डिसेंबर 2013 रोजी फ्रान्समधल्या मेरिबेल येथे मोटारशर्यतींचे विश्वविजेते मायकेल शूमाखर यांना जो अपघात झाला तो आखलेल्या दोन उतारांच्या मधल्या पट्टीत, पिस्तच्या कडेपासून काही मीटरवरच झाला. ताज्या बर्फाखाली दगड होते. हे मी पुनःपुन्हा सांगतो, कारण "उताराबाहेर" म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दूरचे, निर्मनुष्य कडे येतात. प्रत्यक्षात उताराबाहेर म्हणजे पिस्तची कड दाखवणाऱ्या खांबांच्या रांगेपलीकडचे पहिले पाऊल. रांगेच्या अलीकडे कोणीतरी सकाळी तपासणी केलेली असते, आवश्यक तिथे स्फोट करून बर्फ आधीच खाली पाडलेला असतो. पलीकडे असे गृहीत धरता येत नाही.

त्या पलीकडच्या बर्फात काय चाललेले असते ते समजून घेतले की पत्रकाचे मोल कळते. हिवाळाभर बर्फ थरांनी साचतो. थंड, निरभ्र रात्रींत जुन्या बर्फाचे कण सुटे होऊन साखरेसारखे होतात आणि एकमेकांना धरून ठेवत नाहीत. त्यावर वादळात नवा बर्फ पडतो, वारा तो डोंगराच्या आडोशाच्या बाजूला नेऊन दाबून बसवतो आणि वर एक सलग, घट्ट पाटी तयार होते. उतार साधारण 30 अंशांहून तीव्र असेल तर एका माणसाच्या वजनाने खालचा सुटा थर कोसळू शकतो. कधी पायाखाली "हूम्म" असा दबका आवाज येतो, बर्फावर भेग धावत जाते आणि अख्खी पाटी सरकते. लोकांना हिमस्खलन म्हणजे डोंगरमाथ्यावरून अंगावर येणारे संकट वाटते. प्रत्यक्षात सापडलेल्यांपैकी दहांतल्या नऊहून अधिक जणांच्या बाबतीत ते त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच सोबत्याने सुरू केलेले असते. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढला तर वाचण्याची शक्यता चांगली असते, नंतर ती झपाट्याने घसरते. एवढ्या वेळात बचावपथक पोहोचणे अवघड असते, म्हणून ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठाव सांगणारे संदेशयंत्र), शोधकाठी आणि फावडे सोबत्यांकडे असणे आणि ती वापरण्याचा सराव असणे, या दोन्ही गोष्टी लागतात. पहिल्यांदा येणाऱ्या पाहुण्याकडे यांतले काहीच नसते. तेव्हा त्याने खांबांच्या आतच राहावे, यावर मी तडजोड करत नाही.

युरोपभर हिमस्खलनाच्या धोक्याच्या पाच पायऱ्या 1993 पासून समान आहेत. पाचांतली तिसरी म्हणजे मधली, म्हणजे मध्यम, असा हिशेब मनात आपोआप होतो, आणि तोच घात करतो. या पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. प्रत्येक पायरीला धोका आधीच्यापेक्षा कितीतरी वाढतो. स्वित्झर्लंडमध्ये हिमस्खलनाने होणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे निम्मे तिसऱ्या पायरीच्या दिवशी होतात. चौथ्या-पाचव्या पायरीला बऱ्याच लिफ्ट बंद असतात आणि डोंगर स्वतःच भीती घालतो. तिसऱ्या पायरीला बहुधा रात्रीचा बर्फ थांबलेला असतो, आकाश निळे असते आणि उतार इतका सुंदर दिसतो की पाय आपोआप तिकडे वळतात.

मागच्या फेब्रुवारीत माझा भाचा, त्याची बायको आणि त्यांची मुलगी आमच्यासोबत टिरोलमधल्या एका दरीत होती. दोन रात्री सतत बर्फ पडला, वर वारा होता आणि पत्रकात चौथी पायरी आली. वरच्या लिफ्ट बंद होत्या. भाचा खिडकीपाशी उभा राहून म्हणाला, "मामा, पास सहा दिवसांचा काढलाय. आजचा दिवस फुकट जाणार का?" मी म्हटले, "जाऊ दे. तो दिवस आपण आधीच रिकामा धरलाय." आणि ते खरेच होते, आठवड्याचा आराखडा करताना आम्ही एक दिवस कशालाही बांधलेला नव्हता. आम्ही गावातल्या जलतरण तलावावर गेलो, मुलीने दुपारी पायथ्याच्या सपाट मैदानावर सराव केला. दुसऱ्या दिवशी ऊन पडले, पायरी तिसरी झाली आणि लिफ्टवरून जाताना खांबांपलीकडे कोरलेल्या दोन-तीन सुरेख रेषा दिसल्या. भाचा म्हणाला, "तिथून कोणीतरी गेलंय की." त्या रेषा फक्त इतकेच सांगतात की तो माणूस त्या वेळी तिथून पार झाला, पुढच्या वजनाला तो थर टिकेल का, याविषयी त्या काहीही सांगत नाहीत. भाच्याला हे पटले, कारण आदल्या दिवसाचे पैसे वसूल करण्याची घाई त्याच्या डोक्यात उरली नव्हती. रिकाम्या दिवसाचा मला दिसलेला खरा उपयोग हा आहे.

अर्थात गावही सर्वस्वी आपल्या हातात नसते. 23 फेब्रुवारी 1999 रोजी टिरोलमधल्या गाल्टूर गावावर आलेल्या हिमस्खलनात 31 माणसे गेली आणि दुसऱ्या दिवशी जवळच्या वाल्त्सूरमध्ये आणखी 7. कित्येक दिवस बर्फ कोसळून दरीचा रस्ता बंद झाला होता. पर्यटक अडकले होते. आणि गावाच्या ज्या भागाला सुरक्षित मानले जाई त्यावरच तो लोंढा आला. आज तिथे संरक्षक भिंत आहे आणि त्या भिंतीतच संग्रहालय आहे. असे हिवाळे क्वचित येतात, पण दरीत शिरणारा रस्ता एकच असेल तर परतीचे विमान आणि दरी सोडण्याचा दिवस यांत किमान एक दिवसाचे अंतर ठेवावे. शनिवारी सगळे पाहुणे एकाच वेळी ये-जा करतात आणि रस्ते तुंबतात. जमल्यास मधल्या वारी प्रवास करावा.

दिवस संपवण्याचीही शिस्त लागते. दुपारी तीननंतर मांड्या थकलेल्या असतात, उजेड चपटा होतो, सावल्या नाहीशा होऊन खड्डे-उंचवटे दिसत नाहीत, आणि नेमके तेव्हाच "शेवटची एक फेरी" सुचते. ती लिफ्टने खाली येऊन सोडून द्यावी. त्यात कमीपणा नाही. एकमेकांना जोडलेल्या दऱ्यांमध्ये परतीची शेवटची लिफ्ट किती वाजता आहे हे सकाळीच लिहून घ्यावे. पिस्त बंद झाल्यावर तिथे मुळीच थांबू नये. संध्याकाळी बर्फ सारखा करणारी यंत्रे तीव्र उतारावर पोलादी दोराच्या आधाराने चढतात; तो दोर शेकडो मीटर लांब असतो, अंधारात दिसत नाही, क्षणात बर्फातून वर ताणला जातो आणि त्याच्या वाटेत आलेल्या माणसाला वाचण्याची संधी नसते. संध्याकाळी वरच्या हॉटेलात जेवून खाली स्की करत येण्याची कल्पना ज्यांना मोहक वाटते, त्यांना मी हे मुद्दाम सांगतो.

अपघात झालाच तर आधी जागा सुरक्षित करावी. जखमी माणसाच्या वरच्या बाजूला, थोड्या अंतरावर, दोन स्की बर्फात फुलीसारख्या रोवाव्यात, म्हणजे वरून येणारे सावध होतील. त्याचे हेल्मेट काढू नये, बूट ओढू नये, अंगावर जाकीट घालावे. 112 हा क्रमांक सगळीकडे चालतो. ऑस्ट्रियात डोंगरी बचावासाठी 140, स्वित्झर्लंडमध्ये हवाई बचावासाठी 1414. हेलिकॉप्टर आले आणि मदत हवी असेल तर दोन्ही हात वर करून उभे राहावे. सगळ्यात अवघड असते ते आपण नेमके कुठे आहोत हे घाबरलेल्या अवस्थेत सांगणे, आणि त्यासाठीच बहुतेक ठिकाणी पिस्तच्या कडेच्या खांबांवर पिस्तचे नाव आणि क्रमांक लिहिलेला असतो. आमच्या भाच्याची मुलगी प्रत्येक थांब्यावर तो मोठ्याने वाचून दाखवते. मोठ्यांनीही तसेच करावे आणि फोन लागल्यावर दुखापतीचे वर्णन करण्याआधी तोच क्रमांक सांगावा.